कोरड्या अक्षरांची कहाणी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना म्हटले, "बोलतो, पण एका काळ्या डब्याच्या निमित्ताने बोलतो." लेसर प्रिंटरच्या पोटात जो डबा बसवतात, ज्याला आपण कार्ट्रिज म्हणतो, त्याचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. मी शास्त्रज्ञ नाही. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही शिकलो ते नगरवाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा तज्ज्ञांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात आणि माझ्यासारख्यांनी शंका असेल तेथे मला बेलाशक अडवावे.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगतो. गेल्या वर्षी आमच्या युनियनच्या कचेरीत एक कंत्राटी कामगार बसला होता. वय वीस-एकवीस. एक निवेदन छापायचे होते आणि नेमकी त्याच वेळी छपाई फिकी येऊ लागली. मी नेहमीप्रमाणे डबा बाहेर काढला, आडवा धरून हलवला आणि त्याच्या हाती दिला. त्याच्या बोटाला काळी पूड लागली. त्याने बोट चोळून पाहिले आणि मला विचारले, "काका, ही शाई आहे म्हणता, तर बोट ओले का झाले नाही? आणि ही कोरडी पूड असेल, तर ती बरोबर अक्षरावरच कशी बसते? साऱ्या कागदावर का पसरत नाही?"

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर देता आले नाही. तीस वर्षे मी पत्रके काढत आलो. पण पत्रक निघते कसे, हे मला सांगता येऊ नये याची लाज वाटली. म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता ध्यानात आले की, या डब्याचा इतिहास म्हणजे एका दुखऱ्या बोटांच्या कारकुनाचा, एका निर्वासिताचा आणि वरिष्ठाचे न ऐकणाऱ्या एका इंजिनिअरचा इतिहास आहे. म्हणजे हा आमच्याच लोकांचा इतिहास झाला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या मायभगिनी दारात रांगोळी घालतात. हात बसलेला असेल तर चिमटीने घालतात. नसेल तर भोके पाडलेला पत्र्याचा छाप जमिनीवर ठेवून त्यावरून पूड फिरवतात. भोक असेल तेथे पूड पडते, नसेल तेथे पडत नाही. छाप उचलला की कमळ तयार. आमचे जुने सायक्लोस्टाइल यंत्र याच तत्त्वावर चाले. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाने अक्षर कोरायचे, म्हणजे मेण निघून बारीक वाट मोकळी होई आणि त्या वाटेने शाई कागदावर उतरे. १९९२ साली मी चळवळीत आलो तेव्हा सकाळी सातच्या पाळीसाठी पत्रके हवी असत आणि रात्रभर आम्ही ते हँडल फिरवत असू. पहाटे चहा पिताना कपालाही शाईचे ठसे लागत. लेसर प्रिंटरमध्येही एक छापच असतो. फरक इतकाच की तो डोळ्यांना दिसत नाही. तो पत्र्याचा नसतो, मेणाचाही नसतो; तो विजेचा असतो. हा अदृश्य छाप माणसाने कसा घडवला, हीच आजची कथा.

तिची सुरुवात बरीच मागे, १७७७ साली, जर्मनीतील गॉटिंगेन येथे होते. तेथे गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग नावाचे प्राध्यापक राळेच्या एका मोठ्या चकतीवर विजेचे प्रयोग करत होते. खोलीतील बारीक धूळ त्या चकतीवर बसली आणि पाहतात तो धुळीचे तारे, फांद्या आणि वर्तुळे उमटलेली! जेथे वीज पसरली होती तेथे धूळ चिकटली होती. कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, हे आपण शाळेत पाहिलेले आहे. त्यातलाच हा प्रकार. लिश्टेनबर्ग यांनी ही चित्रे कागदावर उतरवूनही घेतली. म्हणजे विजेने धूळ आकारात बसवता येते, ही गोष्ट आपल्याकडे पेशवाई चालू असतानाच माणसाला समजली होती. मात्र धुळीला हवा तो आकार घ्यायला लावणे अजून कोणाला साधले नव्हते.

त्यासाठी दुसरा एक दुवा हवा होता. तो १८७३ साली इंग्लंडात सापडला. समुद्रातून नेलेल्या तारायंत्राच्या केबलींची तपासणी करताना विलोबी स्मिथ यांच्या ध्यानात आले की, सेलेनियम नावाच्या पदार्थातून उजेडात वीज सहज जाते आणि अंधारात तो तिला अडवतो. हे दोन दुवे मनात एकत्र धरा. वीज धुळीला धरून ठेवते, हा पहिला. उजेड पडला की काही पदार्थांवरची वीज निसटून जाते, हा दुसरा. एवढे दोन दुवे जोडले की अदृश्य छाप तयार झाला. पण ते जोडायला आणखी चौसष्ट वर्षे जावी लागली, आणि ते जोडले एका पेटंट-कारकुनाने.

चेस्टर कार्लसन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे झाला. वडील न्हावीकाम करत. पण संधिवात आणि क्षय यांनी त्यांना पार अंथरुणाला खिळवले. शाळकरी वयातच मुलाला घर चालवण्यासाठी कामे करावी लागली. तो सतरा वर्षांचा असताना आईही क्षयानेच गेली. मुलगा एका छापखान्यात काम करत असे आणि त्या कामाच्या बदल्यात त्याने एक जुने मोडके छपाईयंत्र मिळवले होते. त्यावर तो रसायनशास्त्राच्या हौशी मंडळींसाठी एक लहानसे मासिक छापू लागला. एकेक खिळा जुळवताना केवढे कष्ट पडतात ते त्याला तेथेच कळले. पुढे कर्ज काढून त्याने कॅलिफोर्नियातील कॅल्टेक या संस्थेतून १९३० साली पदार्थविज्ञानाची पदवी मिळवली. महामंदीचे दिवस. त्याने ८२ कंपन्यांना अर्ज पाठवले. एकीनेही नोकरी दिली नाही. अखेर न्यूयॉर्कमध्ये बेल प्रयोगशाळेत शिरकाव झाला, तेथून तो पेटंट खात्यात गेला आणि १९३३ साली कपातीत ती नोकरीही सुटली. कपातीची नोटीस घेऊन घरी जाणारी माणसे मी बरीच पाहिली आहेत. म्हणून हा माणूस मला ओळखीचा वाटतो.

पुढे त्यांना विजेचे सुटे भाग बनवणाऱ्या पी. आर. मॅलरी या कंपनीच्या पेटंट खात्यात काम मिळाले. पेटंटच्या कामात एकाच कागदाच्या पुष्कळ प्रती लागत. मजकूर पुन्हा टंकलिखित करायचा, आकृत्या फोटो काढायला बाहेर पाठवायच्या. कार्लसन यांची नजर अधू आणि बोटांत वडिलांचाच संधिवात उतरलेला. दिवसभर नकला उतरवताना बोटे ठणकत. त्या ठणक्यातून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला: कचेरीतच, एका कळीसरशी, कागदाची नक्कल का निघू नये?

मग संध्याकाळी ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसू लागले. फोटोच्या रसायनांवर मोठमोठ्या कंपन्या आधीच काम करत आहेत, हे ताडून त्यांनी निराळी वाट धरली: उजेड आणि वीज. हंगेरीतील पॉल सेलेनी या पदार्थवैज्ञानिकाने विजेने आखलेल्या चित्रावर पूड बसवून दाखवली होती. ते लेख त्यांच्या हाती पडले आणि दोन दुवे जुळले. १९३७ साली त्यांनी पेटंटसाठी पहिला अर्ज केला. दिवसा नोकरी, रात्री कायद्याचे शिक्षण आणि उरल्या वेळात स्वयंपाकघरात गंधक वितळवण्याचे प्रयोग. सडक्या अंड्यांसारखा तो वास शेजाऱ्यापाजाऱ्यांना कसा सोसला असेल, याची कल्पना आपणच करा.

स्वतःचे हात दुखरे, म्हणून त्यांनी तुटपुंज्या पैशातून एक मदतनीस ठेवला. त्याचे नाव ऑटो कॉर्नाय. हा ऑस्ट्रियाचा शिकलेला पदार्थवैज्ञानिक. देश सोडून आलेला आणि मंदीत काम न मिळालेला. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातील एका लहानशा खोलीत २२ ऑक्टोबर १९३८ रोजी दोघांनी प्रयोग केला. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा पातळ थर दिला होता. खोलीत अंधार करून तो थर रुमालाने खसाखसा घासला, म्हणजे त्यावर वीज बसली. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि जागेचे नाव लिहिले होते: १०-२२-३८, अ‍ॅस्टोरिया. (तिकडे महिना आधी लिहितात.) ती पट्टी पत्र्यावर ठेवून काही सेकंद प्रखर दिवा लावला. काचेतून जेथे उजेड गेला तेथली वीज निसटली. शाईच्या सावलीखाली ती टिकून राहिली. मग लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीची बारीक पूड शिंपडली आणि हलकेच फुंकर मारली. सैल पूड उडून गेली आणि पत्र्यावर अक्षरे उभी राहिली. मेणकागद त्यावर दाबून तो तापवला, मेणात पूड रुतली आणि जगातील पहिली कोरडी नक्कल तयार झाली. आज आपल्या प्रिंटरच्या पोटात जे घडते ते सारे या एका प्रयोगात आहे: वीज बसवणे, उजेडाने ती निवडून काढणे, पूड टाकणे, पूड कागदावर घेणे आणि तापवून पक्की करणे.

कॉर्नाय यांना मात्र यात भवितव्य दिसले नाही. कार्लसन यांच्या पुढील प्राप्तीत त्यांना दहा टक्के वाटा मिळावा असा करार झालेला होता. वर्षभराच्या आतच तो मोडून ते आयबीएममध्ये नोकरीस गेले. त्यांना दोष देण्याचे मला धाडस होत नाही. ज्याला परक्या देशात पोट भरायचे आहे त्याने पगाराची नोकरी धरली, एवढेच. पुढे वैभव आल्यावर कार्लसन यांनी त्यांना कंपनीचे शंभर शेअर आपणहून दिले. कराराने काहीही देणे उरलेले नसताना सोबत्याचा वाटा आठवणारी माणसे थोडी. त्यांत मी कार्लसन यांना धरतो.

१९३९ पासून १९४४ पर्यंत कार्लसन दारोदार हिंडले. वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना परत पाठवले. कार्बनकागद स्वस्तात मिळत असताना असले यंत्र घेणार कोण, हा सगळ्यांचा हिशेब. मौज अशी की, हिशेब कोणाचाच चुकीचा नव्हता. कारण ते सारे कार्बनकागद वापरणाऱ्यांची संख्या मोजत होते. कार्बनकागदाने लिहितानाच प्रत निघते. लिहून झालेल्या, दुसऱ्याने दिलेल्या कागदाची प्रत त्याने निघत नाही. तिची गरज किती आहे ते कोणी मोजलेच नव्हते. अखेर १९४४ साली ओहायो राज्यातील बॅटेल या संशोधन संस्थेने हे काम हाती घेतले. तेथे गंधक जाऊन त्याहून कितीतरी तरल असे सेलेनियम आले. रुमालाच्या घासण्याऐवजी उच्च दाबाच्या तारेतून वीज शिंपडण्याची सोय झाली. आणि वनस्पतीच्या पुडीच्या जागी उष्णतेने वितळणारी, काजळी घातलेली राळेची पूड आली. हाच टोनरचा पूर्वज. रॉचेस्टर येथील हॅलॉइड या फोटोकागद बनवणाऱ्या लहान कंपनीने, तिच्या जोसेफ विल्सन या धन्याच्या हिमतीवर, याचे हक्क घेतले. ग्रीक भाषेत 'झेरॉस' म्हणजे कोरडे आणि 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे. त्यावरून 'झेरॉग्राफी' हे नाव पडले आणि पहिल्या प्रयोगाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, ते जगापुढे जाहीर झाले. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर जी 'झेरॉक्स'ची पाटी दिसते तिचे मूळ या ग्रीक शब्दात आहे. एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. 'छायाप्रत' हा शब्द अर्जावर राहिला आणि तोंडात 'झेरॉक्स' राहिली.

साध्या कागदावर आपोआप नक्कल काढणारे पहिले यंत्र, झेरॉक्स ९१४, लोकांपुढे आले ते सप्टेंबर १९५९ मध्ये. ९ इंच गुणिले १४ इंच मापापर्यंतचा कागद त्यात चाले, म्हणून ते नाव. वजन जवळजवळ तीनशे किलो. मिनिटाला सात प्रती. कागद आत अडकला तर तो पेटण्याचा संभव, म्हणून यंत्रासोबत आग विझवण्याचे साधन देत आणि त्याला भीतीदायक नाव नको म्हणून 'करपणे टाळणारे' असे गोड नाव ठेवले होते! कंपनी ते विकण्याऐवजी मुख्यतः भाड्याने देई आणि प्रतीमागे पैसे घेई. कारखानदारांनी नाकारलेल्या या यंत्राने त्या कंपनीला जगातील मोठ्या कंपन्यांत नेऊन बसवले. कार्लसन १९६८ साली वारले. तोवर त्यांनी आपली बहुतेक संपत्ती दान करून टाकली होती.

आता लेसर कोठून आला ते पाहू. नक्कलयंत्रात मूळ कागदावरून परावर्तित झालेला उजेड ड्रमवर पडतो. तेव्हा नक्कल काढायला मूळ कागद हवाच. झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर या तरुण इंजिनिअरने १९६० च्या दशकाच्या अखेरीस विचार केला की, मूळ कागदच नसला तर? लेसरचा एक किरण संगणकाच्या हुकमाने लावत-विझवत ड्रमवर फिरवला, तर उजेडानेच थेट अक्षर लिहिता येईल. त्याच्या वरिष्ठांनी हा उद्योग बंद करण्यास सांगितले. तो थांबला नाही. १९७१ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे कंपनीच्या नव्या संशोधन केंद्रात त्याने बदली मागून घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, एका नक्कलयंत्राच्या अंगावर लेसर आणि गरगर फिरणारा अनेक पैलूंचा आरसा बसवून, चालते यंत्र उभे केले. १९७७ साली त्यातून झेरॉक्स ९७०० हे सेकंदाला दोन पाने छापणारे अवाढव्य यंत्र बाजारात आले. त्यात इंचाला ३०० ठिपके बसत. या मापाने आपल्या नेहमीच्या ए-फोर कागदावर सुमारे ८७ लाख जागा होतात आणि तेथे ठिपका हवा की नको, याचा निवाडा किरणाला दर पानाला करावा लागतो.

तरीही हे यंत्र तुमच्या-आमच्या टेबलावर आले नसते. ड्रम झिजतो, पूड संपते, पट्टी खराब होते. दर वेळी कंपनीचा मिस्त्री बोलवावा लागे. यावर तोड काढली जपानच्या कॅनन कंपनीने. जे जे झिजते ते सारे एकाच डब्यात कोंबायचे आणि डबा संपला की गिऱ्हाइकाने स्वतःच तो बदलायचा. १९८२ साली त्यांच्या छोट्या नक्कलयंत्रात हा डबा आला आणि १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्डने कॅननच्याच यंत्रगाभ्यावर लेसरजेट हा टेबलावरचा प्रिंटर काढला. आमच्या कचेरीतला डबा त्याच घराण्यातला.

आता तो डबा मनाने उघडू. प्रत्यक्षात उघडू नका, कारण ती पूड पाच ते दहा मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीत आठ-दहा कण मावतील इतकी बारीक असते. तिचा मोठा भाग प्लॅस्टिक. त्यात काळेपणासाठी काजळी किंवा लोहाचे ऑक्साइड, चिकटू नये म्हणून थोडे मेण आणि वीज नीट धरावी म्हणून काही द्रव्ये मिसळलेली असतात. डब्यातला चकचकीत, हिरवा वा निळसर नळा म्हणजे ड्रम. आतून अ‍ॅल्युमिनियम आणि वर उजेडाने वीज सोडणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचा पातळ थर. सेलेनियम आता मागे पडले.

ड्रमचा एक फेरा असा. प्रथम रबराचा एक रूळ अंधारात ड्रमला सर्वत्र सारखा ऋण विद्युतभार देतो. सुमारे ६०० व्होल्ट म्हणा. मग लेसरचा किरण अक्षराच्या जागा टिपत जातो. जेथे उजेड पडला तेथला भार थरातून अ‍ॅल्युमिनियममध्ये उतरून जातो आणि तेथे जेमतेम शंभरेक व्होल्ट उरतात. हाच आपला अदृश्य छाप. त्यानंतर पुडीचा रूळ येतो. एका पट्टीखालून घासून आल्यामुळे पुडीलाही ऋण भारच मिळालेला असतो. सारखे सारख्याला दूर लोटते. म्हणून ड्रमवर जेथे भार कायम आहे तेथून पूड मागे हटते आणि जेथे उजेडाने भार उतरवला तेथे जाऊन बसते. कार्लसन यांच्या प्रयोगात उजेड कोरा भाग पुसत होता आणि सावलीला अक्षर उमटत होते. लेसर प्रिंटरमध्ये उजेड स्वतःच अक्षर लिहितो. एवढाच फरक आहे. पण त्याच्यासाठी पुडीच्या विजेची बाजू बदलावी लागली.

पुढे कागद येतो. त्याच्या पाठीमागचा रूळ धन भाराचा. तो पुडीला ड्रमवरून कागदावर ओढून घेतो. या घटकेला कागदावर अक्षर दिसते, पण बोट फिरवले तर पुसले जाते. मग कागद तापलेल्या रुळाखालून जातो. सुमारे दोनशे अंश उष्णता आणि दाब यांनी प्लॅस्टिक वितळून कागदाच्या तंतूंत शिरते. कागद हाती घेतला की तो गरम लागतो, तो यामुळे. इकडे ड्रमवर मागे राहिलेली पूड रबराची पट्टी खरवडून टाकाऊ कप्प्यात लोटते आणि ड्रम पुन्हा भार घ्यायला सज्ज होतो. ड्रमचा घेर पानाच्या लांबीहून लहान असल्यामुळे एका पानासाठी त्याला तीन-चार फेरे घ्यावे लागतात. म्हणून छपाईत ठरावीक अंतरावर तोच काळा डाग पुनःपुन्हा आला तर समजावे की ड्रमला ओरखडा आहे. ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर असेल तर तो डाग दर साडेसात सेंटिमीटरांवर येईल. लेसर, आरसा आणि तापणारा रूळ हे यंत्रात असतात. बाकीचे बहुतेक नाट्य डब्यात घडते. काही कंपन्या ड्रम निराळा आणि टोनर निराळा देतात, इतकेच.

त्या मुलाला हे सारे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पूड शहाणी नाही काका, शहाणपण ड्रमवर आहे." मला याहून चांगले सांगता आले नसते.

आता चळवळीकडे येतो. १९९४-९५ च्या सुमारास आमच्या भागातील एका कारखान्याने काही हंगामी कामगार काढले. बारा महिन्यांत २४० दिवस भरले असतील तर तेव्हाच्या औद्योगिक कलह कायद्याने कामगाराला संरक्षण मिळत असे. आमच्या माणसांचे दिवस भरले होते. पण हजेरीची कार्डे दर महिन्याला मालकाकडे जमा होत आणि मालक म्हणे, 'या माणसांना आम्ही ओळखतच नाही.' त्यांतल्या एकाची बायको हुशार. कार्ड जमा करण्याआधी ती दर महिन्याला स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन त्याची झेरॉक्स काढून ठेवी. एका रुपयाला एक. ते अकरा कागद कोर्टापुढे ठेवल्यावर मालकाला मूळ रजिस्टर दाखवणे भाग पडले. तो माणूस कामावर परत गेला. त्याच्या बरोबरीच्या चौघांजवळ असे कागद नव्हते; त्यांची कार्डे 'सापडली' नाहीत आणि ते चौघे परत गेले नाहीत. पाचही जणांनी घाम सारखाच गाळला होता.

म्हणून मी म्हणतो की, कार्लसन यांच्या शोधाने नुसते श्रम वाचवले असे नव्हे. पूर्वी कागद ज्याच्या कपाटात, सत्य त्याच्या कपाटात. नक्कल स्वस्त झाली आणि त्या कपाटाला दुसरी किल्ली निघाली. मोठ्या राज्यांनाही याचा अनुभव आला. १९६९ साली डॅनिएल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाविषयीचा सुमारे सात हजार पानांचा गुप्त अहवाल रात्रीच्या रात्री बसून नक्कलयंत्रावर उतरवला आणि १९७१ साली तो वृत्तपत्रांत प्रसिद्ध होताच अमेरिकेचे सरकार हादरले.

परंतु एकाच बाजूचे बोलून मी खाली बसलो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. या डब्याने आमची माणसे बेकारही केली. खिळे जुळवणारे कंपोझिटर, टंकलेखक, स्टेन्सिल कापणारे, नक्कलयंत्राची फिरून देखभाल करणारे मिस्त्री. किती हातांची कला निकामी झाली. कोणत्याही यंत्राला मी शाप देत नाही; पण यंत्राने वाचवलेल्या श्रमाचा वाटा ज्याचे श्रम गेले त्याला मिळाला का, हा प्रश्न विचारणे मी सोडणार नाही.

दुसरी गोष्ट. यंत्र स्वस्त विकायचे आणि डबा महाग, ही नवी रीत पडली. मग गल्लीगल्लीत रिकामे डबे भरून देणारी मुले उभी राहिली. काही कंपन्यांनी डब्यावर चिप बसवली, की दुसऱ्याने भरलेला डबा यंत्राने ओळखावा आणि नाकारावा. अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लेक्समार्क या कंपनीचे म्हणणे, स्वस्तात दिलेला डबा एकदाच वापरायच्या अटीवर विकला आहे. तो भरून विकणे म्हणजे आमच्या पेटंटचा भंग. न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी निकाल दिला की, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, मग विकताना कोणतीही अट घाला. घाम गाळून विकत घेतलेली वस्तू आपली असते, ही साधी गोष्ट सांगायला एवढे मोठे न्यायालय लागले. मात्र आपल्या गल्लीत डबे भरणारी पोरे नाकाला फडकेही न बांधता दिवसभर त्या पुडीत बसतात. इतकी बारीक धूळ छातीत जाऊ देऊ नये, एवढे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. पूड सांडली तर फुंकू नये, झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपावी आणि हात गार पाण्याने धुवावेत. गरम पाण्याने ती मऊ होऊन चिकटते. जमलेल्यांपैकी ज्यांची दुकाने असतील त्यांनी उद्याच आपल्या पोरांना मास्क आणून द्यावेत, ही माझी हात जोडून विनंती.

तर बंधुभगिनींनो, अशी ही कहाणी. एका माणसाची बोटे ठणकत होती. त्याने तो ठणका नशिबाचा भाग मानला नाही. तो ग्रंथालयात गेला. आपल्या दुखण्याचे कारण शोधण्यासाठी ग्रंथालयात जाणे, यालाच मी शिक्षण म्हणतो, आणि ते दहावीनंतरही करता येते. तो कंत्राटी मुलगा आता दर शनिवारी माझ्याबरोबर नगरवाचनालयात येतो. त्याच्या हजेरीच्या कागदांची फाईल त्याने स्वतः केली आहे, आणि प्रत्येक कागदाच्या दोन प्रती आहेत. एक घरी, एक युनियनमध्ये.

आपणही घरी गेल्यावर आपले कागद काढून पाहा. ज्याची प्रत नाही त्याची उद्या काढून घ्या.